देवगिरीचा निःशंक शार्ङ्गदेव

दौलताबादचा किल्ला पाहिलेला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडायचा नाही. शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर असलेल्या त्या डोंगरावर आपण सहलीला जातो, अंधारी मार्गातून चाचपडत वाट काढतो, मेंढा तोफेवर हात फिरवतो आणि उतरल्यावर पायथ्याशी पेरू किंवा सीताफळे घेऊन परततो. अलाउद्दीन खिलजी, मलिक काफूर, मुहम्मद तुघलक ही नावे वाटाड्याच्या तोंडून ऐकायला मिळतात. ज्यांनी हे नगर जिंकले वा हलवले त्यांची नावे लोकांच्या ध्यानात राहिली. त्यांच्याही आधी, देवगिरी हे यादवांच्या राजधानीचे गाव असताना, तेथे बसून ज्याने साऱ्या भारताच्या संगीताला एक आधारग्रंथ दिला, त्या शार्ङ्गदेवाचे नाव मात्र त्या वाटेवर सहसा कानी पडत नाही. संगीताच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. आपल्यासारख्या त्याच्या गाववाल्यांना तो परका राहावा हे काही बरे नव्हे.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे दख्खनचे नव्हे, काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आला. काश्मीर ही त्या काळी विद्येची पेठ होती. नाट्यशास्त्रावर टीका लिहिणारा अभिनवगुप्त तेथलाच. भास्कराचा मुलगा सोढल याला यादवांचा आश्रय मिळाला. देवगिरीला राजधानी केली ती पाचव्या भिल्लमाने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. सोढलाने आधी भिल्लमाची व पुढे सिंघणाची सेवा केली. या सोढलाचा मुलगा शार्ङ्गदेव. म्हणजे आजा काश्मिरी पंडित, बाप यादवांचा अधिकारी आणि नातू देवगिरीतच वाढलेला, अशी ही तीन पिढ्यांची वाटचाल आहे. उत्तरेची शास्त्रपरंपरा घरात आणि दक्षिणेचे गाणेबजावणे दारात, असे दुहेरी भाग्य त्याच्या वाट्याला आले.

सिंघण राजा सुमारे १२१० ते १२४७ या काळात गादीवर होता. यादवांच्या राज्याचा सर्वांत मोठा विस्तार त्याच्याच कारकिर्दीत झाला. लढायांइतकाच त्याचा ओढा विद्येकडेही होता. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा त्याचा राजज्योतिषी; त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. अशा दरबारात शार्ङ्गदेवाकडे श्रीकरणाग्रणी हे पद होते. आजच्या भाषेत सांगायचे तर तो राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. पुढे याच राज्यात हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, तशाच अधिकारावर आला. दिवसभर राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला.

त्याला आणखी एक विद्या अवगत होती, ती वैद्यकाची. आपण द्रव्याने विद्वानांची व औषधाने रोग्यांची पीडा दूर केली, आणि आता सर्वांच्याच तापावर उपाय म्हणून हा ग्रंथ करीत आहोत, अशी त्याची भूमिका ग्रंथारंभी दिसते. संगीताच्या ग्रंथात पहिल्याच अध्यायात गर्भाची वाढ, शरीरातील नाड्या व चक्रे यांचे वर्णन वाचून आपण चकित होतो. परंतु त्यामागे विचार आहे. नाद शरीरातून उठतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्यावे, ही वैद्याची दृष्टी आहे. त्याने स्वतःला 'निःशंक' असे बिरुद लावून घेतले. ज्याला शंका उरली नाही तो निःशंक. हा गर्व वाटेल. पण ग्रंथ वाचू लागले म्हणजे लक्षात येते की त्याने शंका टाळल्या नाहीत, त्या मोजून मोजून निकालात काढल्या आहेत.

हिशेबनिसाचा हात या ग्रंथात जागोजागी दिसतो. आरंभी तो भरत, मतंग, दत्तिल, कोहल यांच्यापासून भोज, सोमेश्वरापर्यंत आपल्या पूर्वसूरींची लांबलचक यादी देतो. कोणाकडून काय घेतले याची जणू ती नोंदवहीच. रागांची संख्या तो २६४ सांगतो. देशी ताल १२० देतो. सात स्वर एकेकदाच वापरून किती निरनिराळ्या रचना होतात याचे गणित तो मांडतो. उत्तर येते ५०४०. एवढ्यावरही त्याचे समाधान होत नाही. अमुक क्रमांकाची रचना कोणती, आणि अमुक रचनेचा क्रमांक कोणता, हे सारी यादी न लिहिता काढण्याची रीत तो कोष्टकासह शिकवतो. गणिताच्या वर्गात आपण ज्याला क्रमपर्याय म्हणतो तेच हे. देवगिरीच्या दफ्तरात बसून जमाखर्च जुळवणारी बुद्धीच येथे स्वरांचे खाते जुळवीत आहे.

बावीस श्रुतींचा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. दोन सारख्या वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार शक्य तितकी मंद्र लावायची आणि पुढची प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा इतकीच उंच, की मध्ये दुसरा नाद मावू नये. एक वीणा ध्रुव, ती हलवायची नाही. दुसरी चल, तिच्या तारा प्रत्येक फेरीत एकेक श्रुती उतरवायच्या. दुसऱ्या फेरीत चल वीणेचे गांधार व निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवतांशी जुळतात. तिसरीत ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांशी. चौथीत षड्ज, मध्यम व पंचम अनुक्रमे निषाद, गांधार व मध्यमांशी. दोन, तीन व चार श्रुतींचे स्वर असे कानांनीच सिद्ध होतात. कल्पना भरताची, पण ती वाद्यावर मांडून दाखवण्याची चोख रीत शार्ङ्गदेवाची.

या मजकुरापुरता आपल्याला त्याचा सहावा अध्याय अधिक जवळचा आहे. तो वाद्याध्याय. तंतुवाद्यांत तो एकतंत्रीपासून एकवीस तारांच्या मत्तकोकिलेपर्यंत अनेक वीणा वर्णितो. आलापिनी आहे, पडद्यांची किन्नरी आहे, आणि त्याच्या स्वतःच्या बिरुदाची निःशंकवीणाही आहे. या सर्वांत मानाचे पान मिळते ते एकतंत्रीला. तिचा दांडा खैराच्या लाकडाचा, सरळ व गुळगुळीत, तीन हात लांबीचा. वर भोपळा, तो वादकाच्या डाव्या खांद्याशी येतो. खाली ककुभ, म्हणजे घोडीचा आधार, आणि त्यावर धातूची पत्रिका. तार एकच, तातीची. आणि पडदे? एकही नाही.

पडदे नसलेल्या या एका तारेवर सारे स्वर कसे काढायचे? त्यासाठी डाव्या हातात कम्रिका धरायची. कम्रिका म्हणजे बांबूची कांडी. ती तारेवर टेकवून पुढेमागे सरकवली की स्वर चढतो-उतरतो. उजव्या हाताने तार छेडायची. कांडी सरकवण्याच्या या क्रियेला तो सारणा म्हणतो आणि तिचे चार प्रकार सांगतो. कांडी उचलून पुढच्या स्वरावर टाकली की उत्क्षिप्ता. तारेला चिकटूनच घसरत नेली की सन्निविष्टा. दोन्ही मिळून उभयी. आणि स्वराच्या जागी कांडी थरथरवली की कम्पिता. उजव्या हाताच्या, डाव्या हाताच्या व दोन्ही हातांच्या मिळून होणाऱ्या क्रियांना वेगवेगळी नावे आहेत.

ज्यांनी हवाईयन गिटार ऐकली आहे त्यांच्या मनात एव्हाना प्रकाश पडला असेल. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात लोण्यासारखा घसरत जाणारा नाद. एके काळी व्हॅन शिपले व हजारा सिंग यांच्या गिटारीवर वाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घराघरांत होत्या. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत हीच गिटार रागदारीत बसवली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली व १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. या सर्वांच्या हातातील कांडी आणि देवगिरीच्या कम्रिकेचे काम एकच आहे.

येथे अभिमानाच्या भरात घसरण्याचा धोका आहे, आणि कांडीपेक्षा लेखणी लवकर घसरते. हवाईची ही वादनरीत आपणच तिकडे पाठवली, असे म्हणायला आधार नाही. या रीतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू याला दिले जाते. ओआहू बेटावरील लाइए गावचा हा मुलगा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत होता. १८८९ च्या सुमारास त्याने गिटारीच्या तारांवर लोखंडी वस्तू घसरवून पाहिली आणि पुढे शाळेच्या कर्मशाळेत पोलादी कांडी घडवली, असे सांगतात. १९०४ मध्ये तो अमेरिकेस गेला, पुढे युरोपभर हिंडला, आणि १९३२ च्या जानेवारीत न्यू जर्सीत वारला. गेब्रियल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशाने ती रीत त्याच्याही आधी हवाईत वाजवून दाखवली, अशीही एक कथा आहे. पण कथेपलीकडे तिला बळ नाही. खरे पाहता शोध एकाच जागी लागतो असा नियम नाही. पडदे नसलेली तार आणि गुळगुळीत कांडी एकत्र आली की घसरता स्वर निघणारच. आपल्याकडेही हा धागा पुन्हा पुन्हा वर आला. उत्तरेत विचित्रवीणा काचेच्या गोळ्याने वाजते. दक्षिणेत तंजावर भागातील तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी गोट्टुवाद्य मैफलीत आणले. मराठ्यांच्या तंजावरातील हे राव घराणे आणि यादवांचे देवगिरी यांच्यामध्ये सहाशे वर्षांचे अंतर आहे, परंतु बोटांखालची खूण एकच आहे.

मग शार्ङ्गदेवाचे विशेष ते काय? विशेष हे की त्याने ही गोष्ट लिहून ठेवली, आणि अशी लिहिली की वाचून वाद्य उभे करता यावे. याची परीक्षा आपल्या वसतिगृहातील एखाद्या स्वस्तातल्या गिटारीवरही घेता येईल. तो ज्या क्रमाने जातो, म्हणजे दांडा, घोडी, जीवा, तार, कांडी आणि शेवटी हात, त्याच क्रमाने गेले तर साधी गिटार कांडीवादनाला जुळवता येते.

दांड्याचे प्रथम पाहू. स्वस्त गिटारीचा नेहमीचा दोष म्हणजे तारा पडद्यांपासून फार उंच असतात व बोटे दुखतात. कांडीने वाजवताना तार दाबायचीच नसल्याने हा दोष गुण ठरतो. उलट तारा आणखी उंच हव्यात, म्हणजे कांडी पडद्यांवर आपटणार नाही. त्यासाठी मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे असलेल्या पट्टीवर खाचा असलेली उंच धातूची पट्टी बसवतात. तेथे तारा लाकडापासून सुमारे आठ ते दहा मिलिमीटर उंच राहिल्या तर पुरे. साध्या गिटारीत तारांची रांग किंचित कमानदार असू शकते. कांडी सरळ असल्याने सर्व तारा एका पातळीत आणाव्या लागतात. म्हणून खाचा नीट मोजून कराव्यात आणि घोडीवरची पट्टीही तशीच सपाट घासावी.

एकतंत्रीत घोडीवरची पत्रिका व तार यांच्यामध्ये शार्ङ्गदेव जीवा घालायला सांगतो. ती बांबूची बारीक चिपटी. तिच्यामुळे तार पत्रिकेला हलकेच स्पर्श करते व नादाला गुंजन येते. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर आपण सुताचा दोरा सरकवून जवारी उघडतो, तीच ही कल्पना. नावच पाहा, जीवा. दांडा, भोपळा, तार सारे असले तरी एवढीशी चिपटी नसेल तर वाद्यात जीव नाही. महाग लाकडापेक्षा या जुळणीचे मोल अधिक, हा धडा स्वस्त वाद्य बाळगणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावा.

तारांचा विचार करताना गिटार कोणती हे आधी पाहावे. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारीला पोलादी तारा चढवू नयेत. ताणाने तिची घोडी उखडते. पोलादी तारांच्या गिटारीतही खुंट्या पिळून स्वर चढवण्यापेक्षा उतरवावेत. नेहमीच्या लागणीत सहावीपासून पहिलीपर्यंत तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. त्यातील सहावी, दुसरी व पहिली दोन-दोन अर्धस्वरांनी आणि तिसरी एका अर्धस्वराने उतरवली, पाचवी-चौथी तशाच ठेवल्या, की डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशी लागण होते. डीला षड्ज मानले तर हेच सा, प, सा, ग, प, सा. एकही तार चढवावी लागत नाही, म्हणून जुन्या गिटारीवर ताण येत नाही, आणि तंबोऱ्यासारखा भरीव आधार मिळतो.

शेवटी कांडी आणि हात. बोटाने वाजवताना बोट दोन पडद्यांच्या मध्ये ठेवतात. कांडी मात्र बरोबर पडद्याच्या रेषेवर, तिला समांतर धरायची. तार लाकडाला टेकेपर्यंत दाबायची नाही, नुसते कांडीचे वजन पडू द्यायचे. कांडीमागे उरलेल्या तारेचा नको असलेला आवाज थांबवण्यासाठी मागची बोटे तारांवर हलकी टेकलेली असावीत. आणि मग शार्ङ्गदेवाच्या चार सारणा एकेक करून घ्याव्यात. उचलून टाकणे, घसरवणे, दोन्ही, आणि थरथरवणे. आठशे वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम आजही पुरा पडतो. पडदे येथे केवळ वाटेवरचे मैलाचे दगड; नेमकी जागा कानानेच शोधायची असते.

शार्ङ्गदेवाच्या पश्चात देवगिरीचे वैभव फार काळ टिकले नाही. रामदेवरायाच्या काळात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि सहाच वर्षांनी १२९६ मध्ये अलाउद्दीनाची स्वारी आली. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये तुघलकाने येथे राजधानी आणली, व ती परतही नेली. दरबार गेला, त्यातील वीणाही गेल्या. आज त्यांपैकी एकही आपल्या हाती नाही. ज्या हिशेबखात्याचा शार्ङ्गदेव प्रमुख होता त्या खात्यापेक्षा त्याचा फावल्या वेळचा ग्रंथ चिरंजीव ठरला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने व पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये तो कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग. ह. तारळेकरांचा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला, त्यामुळे संस्कृत न येणाऱ्यालाही तो आता दुर्लभ नाही.

या ग्रंथाची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातील राग आज कसे गायले जात असतील हे ठामपणे सांगता येत नाही. पंडित भातखंड्यांनीही या अडचणीकडे लक्ष वेधले. ग्रंथकाराने आकडे दिले, नावे दिली, पण कंठातील स्वर कागदावर उतरत नाही. हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती त्याला आपला पूर्वज मानतात, आणि दोघींपैकी कोणाचेही गाणे हुबेहूब त्याच्या ग्रंथातले नाही. जेथे त्याने हाताची क्रिया, लाकडाची जात, चिपटीची जागा सांगितली, तेथे मात्र तो आजही आपल्याशी स्पष्ट बोलतो.

प्रबंधांच्या प्रकारांत त्याने ओवीचीही नोंद घेतली आहे. राजदरबाराच्या या अधिकाऱ्याने शास्त्राच्या ग्रंथात, ज्या ओवीवर पुढे ज्ञानेश्वरांनी मराठीचा राजवाडा उभारला तिला जागा दिली. मोठ्या रागाचा आणि लहानशा ओवीचा, एकवीस तारांच्या वीणेचा आणि एका तारेच्या वीणेचा हिशेब त्याने एकाच काळजीने ठेवला. इतकेच नव्हे, तर मानाचे पान एका तारेलाच दिले. आपल्या गावचा हा हिशेबनीस आपल्याला शिकवून जातो तो असा, की साधन तुटपुंजे आहे म्हणून अडू नये. जे आहे त्याची जुळणी नीट करावी, आणि केलेले नीट लिहून ठेवावे.